माह्या योद्ध्याची तेरवी

दोस्तहो, आज दुपारी कारंज्यात गजूच्या दुकानाच्या माडीवर आमी चौघं तो फाशांचा, राजा-राक्षसांचा खेळ खेळलो. राक्षस मेला, खजिना भेटला, पण माहा योद्धा बी मेला.

खेळातला पुजारी पाचशे मोहरा घेऊन मेलेल्याले जिवंत करते. मी म्हटलं, "करा ना लवकर!"

गजू म्हणे, "अबे, तेवढ्यात घोडा येते. तू नवा योद्धा बनव."

घोडे घेतले. मंग उरलेल्या सहाशे मोहरांत माह्या योद्ध्याची तेरवी केली, अख्ख्या गावाले बुंदी. सगळे हसून राह्यले होते. मले लय राग आला.

मंग आठवलं. काकाच्या ऑपरेशनले आमच्या घरातून कोणाचाच हात खिशात गेला नव्हता. त्याच्या तेरवीत बुंदी मात्र मीच आग्रह करकरून वाढली.

आता सांगा, गजूवर कोणत्या तोंडानं चिडू?