मार्थाबाईंचा बाक

मार्थाबाई गेलेल्या माणसाचं नाव उभ्या माणसाला कधीच सांगायच्या नाहीत. चर्चच्या फाटकाशी सिमेंटचा बाक आहे, त्यावर आधी बसवायच्या आणि पाण्याचा पेला हातात द्यायच्या. "बस. आंधी पानी पे." मग नाव.

बालाघाटच्या आमच्या वॉर्डातलं हे इंग्रजांच्या काळातलं दगडी अँग्लिकन चर्च. रविवारी आत निम्मी बाकं रिकामी असतात, पण वॉर्डात कुणीही गेलं, हिंदू असो की बौद्ध, घंटा वाजायचीच. "घंटेले काहून जात विचारता?" असं चर्चची राखण करणाऱ्या मार्थाबाई दटावायच्या. गोंदिया-नागपूरच्या दवाखान्यांतून लोक आधी त्यांनाच फोन करत. आपल्याच घरात सांगायची कुणाची छाती होत नसे. त्या घंटा वाजवत आणि घराघरांतून माणसं फाटकाशी येत.

माझे वडील गेले तेव्हा मीही असाच धावत गेलो. "बसवता काय, बाई? कोण गेलं ते सांगा ना!" मी खेकसलो.

"उभ्यानं आइकू नोको गा, भाऊ. पायात जीव राहत नाही." बसलो होतो म्हणून पडलो नाही, एवढं खरं.

त्यांचा एकुलता एक जोसेफ बैहरच्या रस्त्यावर जीप चालवायचा. "पोहोचल्यावर मिस कॉल तरी मारत जा, बापा," असं त्या रोज बजावायच्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी घंटा वाजली. आम्ही जमलो. मार्थाबाई पेला घेऊन बाकाजवळ उभ्या होत्या. "कोण हो, बाई?" पुन्हा पुन्हा विचारलं, पण त्या रस्त्याकडेच पाहत राहिल्या. मला तर रागच आला. लोकांचा जीव टांगणीला लावायची ही काय तऱ्हा!

तेवढ्यात त्यांची सून रोझी भाजीची पिशवी घेऊन बाजाराकडून लगबगीनं आली. घंटा तिनंही ऐकली होती. "कोण गेलं, आई?"

मार्थाबाईंनी पदरानं बाकावरची धूळ पुसली. "बस, माय. आंधी पानी पे."

रोझी बसली नाही. पिशवी हातातून सुटली आणि ती तिथेच कोसळली. बायका तिला सावरायला धावल्या.

मार्थाबाईंच्या हातातला पेला मी घेतला. हात थंडगार होता. फोन त्यांनाच आला होता, घंटाही त्यांनीच वाजवली होती. त्यांना बसा म्हणायला कुणी नव्हतं.