तबकडीवरचं नाव

पडद्यावर नायिका मरायला टेकली की फिरंगीबुवाची गिटार नाचायला लागायची. तंबूतल्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या आणि पाय मात्र ठेका धरायचे. मालक चिडे. फिरंगीबुवा शांतपणे म्हणे, "रडाले ते हाये ना पडद्यावर. दोघा-दोघांनी काऊन रडाचं?"

मूकपटांचे दिवस होते. आमचा फिरता तंबू शेगावहून निघून रोहिणखेड, जानेफळ असा बैलगाड्यांवर हिंडायचा. पडद्याखाली एका बाजूला मी पेटी घेऊन, दुसऱ्या बाजूला तो. माणूस ब्राझीलचा. मराठी शिकला ती तंबूचे दोर ओढणाऱ्या गड्यांकडून. त्यामुळे मालकालाही तो 'बे' म्हणायचा, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही.

इथवर कसा आला याच्या त्याच्याकडे तीन हकिकती होत्या. जहाजावरच्या बँडमधून मुंबईला उतरला, एका हॉटेलात साहेबलोकांच्या नाचाला जाझ वाजवू लागला, इथवर तिन्हींचं एकमत. नोकरी का गेली, तिथं फाटे फुटत. एकीत त्यानं भर नाचात ताल बदलला आणि कोण्या कर्नलची बायको पडली. दुसरीत कर्नल पडला. तिसरीत दोघंही पडले आणि लोकांनी तीच चाल पुन्हा मागितली.

एकच चाल तो दोनदा सारखी वाजवत नसे. मी पडलो शिस्तीचा. "कालच्यासारखं वाजव," अशी माझी रोजची कटकट. "काल होता ना तू ऐकाले? मंग आज तेच काऊन पाह्यजे बे?" हेच जाझ, असं त्याचं म्हणणं. हा पाठांतराचा आळस, असं माझं. चार वर्षं आम्ही असे शेजारी बसलो. त्याचं खरं नाव मी एकदाही विचारलं नाही. फिरंगीबुवा म्हटलं की तो ओ देई, काम भागे.

मग मुंबईहून त्याच्या जुन्या ढोलवाल्याचा निरोप आला: नव्या हॉटेलात बँड उभा राहतोय, बँडमास्तर तबकडी ऐकूनच माणूस घेतो. फिरंगीबुवाचं खाणं सुटलं. तबकडी आणायची कुठून? योगायोगानं त्याच हिवाळ्यात एक रेकॉर्ड कंपनी भजनं उतरवून घ्यायला शेगावात आली. एका भजनीबुवांचा गळा बसला आणि त्यांची मेणाची एक चकती कोरी राहिली. मी यंत्रवाल्याच्या हातापाया पडून ती फिरंगीबुवाला मिळवून दिली. एवढं पुण्य माझ्या नावावर आहे. पुढचं सांगतो.

त्या काळी वाजवून झालं की कर्ण्यात तोंड घालून आपलं नाव मोठ्यानं सांगायचं असे. त्या कंपनीच्या तबकड्या विलायतेत घडत. तिथल्या माणसाला कोणाची कोणती हे त्यावरूनच कळे. यंत्रवाल्यानं हे मला सांगितलं आणि त्याला सांगायला बजावलं. मी सांगितलं नाही. वीस वर्षं मी स्वतःलाच 'विसरलो' म्हणत आलो. विसरलो नव्हतो.

त्यानं तीन मिनिटं वाजवलं. तसं पुन्हा कोणी वाजवलेलं मी ऐकलं नाही. शेवटची तार विझेपर्यंत तो डोळे मिटून बसला. यंत्रवाला हातवारे करत होता, मेण संपत आलं होतं. मी पुढं वाकलो आणि कर्ण्यात म्हणालो, "मास्तर महादेव शेगावकर." त्याची वाट अडवायची म्हणून नव्हे. आपलंही नाव एकदा तबकडीवर यावं, एवढंच.

सहा महिन्यांनी तबकडी आली. चहाच्या दुकानातल्या ग्रामोफोनवर त्यानं ती लावली, शेवटी माझा आवाज ऐकला, आणि सुई उचलून ठेवली.

"आता मुंबईले काय धाडू बे?"

शेवटी त्यानं तीच बँडमास्तरला धाडली. सोबत चिठ्ठी नाही, वर तंबूचा पत्ता तेवढा. कागद लिहिण्याचा त्याला कंटाळा. उत्तर आलं ते तंबूच्या पत्त्यावर, माझ्या नावानं: मास्तर महादेव यांनी ताबडतोब निघून यावं.

स्टेशनावर त्याला पोचवायला मी गेलो होतो. "नीट सांग एकडाव," तो म्हणाला, "तिथं चुकाले नको." मी माझं नाव सांगत गेलो, तो म्हणत गेला. 'शेगावकर' त्याला काही केल्या जमेना. गाडी हलली तेव्हा कुठं जमलं.

मुंबईला त्याचं चांगलं चाललं. खामगावचा एक कापसाचा व्यापारी सांगत आला, "महादेवा, तिथं तुह्या नावाचा एक गोरा हाये, बोलतो आपल्यावानी." मी हसलो.

गेल्या साली पेपरात दोन ओळी आल्या: प्रसिद्ध गिटारवादक मास्तर महादेव शेगावकर मुंबईत वारले. गल्लीतली चार माणसं नाव तेवढं वाचून धावत घरी आली. मी जेवायला बसलो होतो.

"लेका," शेजारचे नामदेवकाका म्हणाले, "आमी तुह्या बायकोले धीर द्याले आलो, न् तू भात खाऊन राह्यला?"

मी म्हणालो, पेपरवाल्यांची चूक. सगळे हसले, पाणी पिऊन गेले. घरचं माणूस गेल्याचं कळलं की ताटावरून उठायचं असतं. मी उठलो नाही. उठलो असतो तर कोण गेलं हे बायकोला सांगावं लागलं असतं. आणखी भात वाढून घेतला.