रेग्युलेटरवरचा फेस
सिलिंडर बदलला की मी अजूनही रेग्युलेटरवर साबणाचा फेस लावून पाहते, आणि दर वेळी आई-बाबांच्या रिसालीतल्या घरातली ती सकाळ आठवते. बाबांचा सगळा जन्म तिथल्या स्टील प्लांटमधल्या गॅसच्या लाइनींवर गेला. रिटायर झाल्यावर घरचा सिलिंडर हीच त्यांची ड्युटी. मी सुट्टीवर आले होते. आई कढई घेऊन खोळंबली होती. वाटीतला फेस ब्रशनं लावता लावता बाबांनी विचारलं, "विमानात बसून तू नेमकं काय करून राहिली वं?" मी खुशीत सांगितलं, की समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती आम्ही घिरट्या घालतो आणि तिथून गळणारा गॅस यंत्रावर मोजतो. मागच्या वेळी तर आकडा असा चढला, की आम्ही आणखी तीन चकरा मारल्या. डेकवरचा एक माणूस आमच्याकडे पाहून हात हलवत होता. तेवढ्यात रेग्युलेटरवर एक बुडबुडा फुगला. बाबांनी झटकन नॉब बंद केला. "मंग, त्याले सांगतलं?" "बाबा, आमी फक्त मोजतो. रिपोर्ट कंपनीले जाते." "कवा?" "महिन्याभरात." "प्लांटात आमी पैले माणसं हटवत होतो, मंग मीटर काढत होतो," एवढंच म्हणून ते वॉशर बदलायला बसले. त्या माणसाला सांगायचं म्हटलं, तर कोणाच्या हातून आणि कसं, हेच मला माहीत नव्हतं. आजही मी मोजतेच आहे. बाबांना एक गोष्ट मात्र कधीच सांगू शकले नाही: खिडकीतून मीही त्या माणसाला हसून हात हलवला होता.