उकंडरावांच्या नावाची चिठ्ठी

उकंडरावांनी एखादं वाक्य सुरू करून स्वतःच संपवलंय, असं संग्रामपुरात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. ते सुरू करत, पहिल्याच अक्षरावर अडत, आणि समोरचा दयाळूपणे पुढचं बोलून टाके. दुकानात त्यांनी "सा... सा..." म्हटलं की साबण पुढ्यात येई. कधी साखर येई. जे येईल ते घेऊन उकंडराव मुकाट घरी जात, म्हणून त्यांच्या घरी साबण आणि साखर दोन्ही कायम जास्तीच असत.

त्यांची बायको वच्छलाबाई तर या कामात इतकी तरबेज झाली होती की उकंडरावांनी तोंड उघडायच्या आतच तिचं उत्तर देऊन झालेलं असे. "यायले च्या नका देऊ, यायचं पित्त खवळते," ती परस्पर सांगून मोकळी होई आणि चहाची तलफ आलेले उकंडराव नुसती मान हलवत. तिच्या मायेबद्दल कुणी शंका घेऊ नये. नवऱ्याला चारचौघांत अडखळताना पाहिलं की तिची जीभ आपोआप चाले, एवढंच.

पोटापाण्यासाठी उकंडराव हातपंप दुरुस्त करत. सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या गावांतले बिघडलेले पंप त्यांनी खोलले होते आणि सुरू करून दिले होते. हातपंपाशी बोलावं लागत नाही, हे त्या कामातलं मोठं सुख. गावातल्या बाया भोवती घागरी मांडून बसत आणि एकमेकींशीच बोलत, आणि पाणी आलं की उकंडरावांना आशीर्वाद देऊन घरी जात.

रविवारी मात्र त्यांचं काम चर्चमध्ये असे. बाजाराच्या मागे टिनाच्या छताचं ते लहानसं चर्च, चाळीसेक घरांची मंडळी. सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरायच्या, माइक लावायचा, माठ भरून ठेवायचा. तरुण संघाच्या पोरापोरींचे ते भारी लाडके होते. शनिवारची गाण्याची तालीम असो, उन्हाळ्यातलं लेकरांचं शिबिर असो की डिसेंबरात घरोघर गाणी म्हणत फिरणं असो, उकंडरावकाका पेटी उचलायला हजर. समोर येऊन काही म्हणा असा आग्रह मात्र त्यांना कुणी करत नसे. त्यामागे एक जुनी गोष्ट होती.

उकंडराव बावीस वर्षांचे असताना त्यांच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. जगतील असं कुणाला वाटत नव्हतं. जगले. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी ते साक्ष द्यायला उभे राहिले. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. उकंडराव उभे राहिले आणि पहिल्या अक्षरावर अडले ते अडलेच. घाम फुटला, मान ताठली. तेव्हा सत्यभामाबाई या तरण्याताठ्या शिक्षिका होत्या आणि मंडळीतला सगळ्यांत खणखणीत गळा त्यांचा होता. त्यांना ते पाहवेना. त्यांनी एक भजन उचललं, सगळ्यांनी धरलं, ढोलकी वाजली, आणि त्या आवाजात उकंडराव हळूच खाली बसले. पोराची लाज राखली म्हणून सगळ्यांना समाधान वाटलं. जे सांगायचं होतं ते मात्र त्यांच्या पोटातच राहिलं आणि पुन्हा ते कधी उभे राहिले नाहीत.

यंदाच्या गुड फ्रायडेला सगळा घोळ झाला तो तरुण संघातल्या अविनाशमुळे. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर सात जण एकामागून एक बोलतात. एरवी पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि जाणती मंडळी ते करत. यंदा पाळकसाहेबांना दुसऱ्या गावच्या मंडळीकडे जावं लागणार होतं, म्हणून ते म्हणाले, सातही उद्गार तरुण संघाला द्या. सत्यभामाबाई आता निवृत्त मुख्याध्यापिका आणि मंडळीच्या पंच. त्यांनी नाक मुरडलं. "पोरं त्या दिवशीही गिटार वाजवतील. एक जरी गडबड झाली तर पुढल्या वर्षी हे बंद," असं त्यांनी बजावून ठेवलं.

कोणी कोणता उद्गार घ्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. प्रार्थना करायची, मंडळीतल्या सगळ्यांत लहान लेकरानं हात घालायचा, आणि निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही. चिठ्ठी देवाच्या मर्जीनं निघते, तिला माणसानं नाही म्हणायचं नाही, हा आजोबा-पणजोबांपासूनचा नेम. आता अविनाश. याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याचं अर्धं लक्ष कायम त्या दुकानात असतं. नावं लिहिताना वहीचं पान संपलं तसा तो पुढच्या पानावर गेला. त्या पानावर सतरंज्या घालणाऱ्यांची यादी होती. तिच्यातलं पहिलं नाव त्यानं उतरवलं, सात नावं झाली, चिठ्ठ्या गुंडाळल्या. लेकरानं पाचव्या उद्गाराची चिठ्ठी काढली, निशिगंधानं ती उलगडली आणि मोठ्यानं वाचायच्या आधी पुन्हा एकदा पाहिली. निशिगंधा तरुण संघाची सेक्रेटरी, खामगावला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. पाचवा उद्गार तहानेचा, आणि चिठ्ठीवर नाव उकंडरावांचं.

दारात माठ पुसत असलेल्या उकंडरावांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

सगळ्यांनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं. त्यांची मोठी पंचाईत झाली. उकंडराव बोलू शकत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि चिठ्ठीच्या नेमासाठी आजवर सगळ्यांत जास्त भांडल्याही त्याच होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "निघाली ती निघाली." आणि चष्मा पुसत बसल्या.

त्या आठवड्यात उकंडरावांना जेवण गेलं नाही. बुधवारी निशिगंधा घरी आली, तेव्हा वच्छलाबाई तयारच होती.

"मी काय म्हणतो पोरी, यायच्या बदली मीच बोलतो. यायच्या मनातलं मले सारं माहीत हाये."

"काकू, चिठ्ठी काकांच्या नावाची हाये."

"मंग हे काय बोलतीन," वच्छलाबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "सारी मंडळी पाहीन. तुमचंबी पुढल्या वर्साचं जाईन आमच्यापायी."

"जाऊ द्या गेलं तर." निशिगंधा उकंडरावांकडे वळली. "काका, तुमच्याकडं वीस मिनिटं हायेत. एक शब्द बोलले तरी चालते. तुमचं होयेपर्यंत कोणी गाणं म्हणणार नाई, मी साऱ्यायले सांगून ठेवतो. पण तुमाले बोलाचं हाये का नाई, थे सांगा."

उकंडरावांनी तोंड उघडलं. वच्छलाबाईनंही उघडलं. निशिगंधानं हलकेच काकूच्या हातावर हात ठेवला. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

"हा... हा... हाव," उकंडराव म्हणाले.

जाताना निशिगंधा वच्छलाबाईला दाराशी म्हणाली, "सगळ्यात कठीण काम तुमचं हाये, काकू. तुमी चूप राहा." वच्छलाबाईला राग आला आणि तिनं तो गिळला.

शुक्रवारी एप्रिलचं ऊन टिनावर तापत होतं. उपवासाची माणसं, पंख्यांची घरघर, बायांच्या हातात गाण्याच्या कागदांचे पंखे. पोरांचे चार उद्गार नीट पार पडले. गिटार कुणी वाजवली नाही. अविनाशनं क्षमेवर बोलताना आधी चिठ्ठीबद्दल काकांची क्षमा मागितली आणि लोक हसले, तेवढंच.

मग उकंडराव उठले. वेदीपाशी गेले, दोन्ही हात टेबलावर टेकले.

"त... त..."

तहानच म्हणायचं होतं त्यांना. सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि पन्नास-साठ माणसांच्या ओठांवर तो शब्द येऊन थांबला होता. उकंडरावांची मान ताठली. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. बाहेर जुम्म्याची नमाज सुटून माणसं बोलत रस्त्यानं गेली आणि रस्ता पुन्हा शांत झाला. सत्यभामाबाईंनी एकदा घसा खाकरला. निशिगंधानं दचकून तिकडे पाहिलं. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान खाली घातली. बायांच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत, वच्छलाबाईनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

पोरं मात्र मजेत बसली होती. मजेत म्हणजे घाई नसलेल्या माणसासारखी. गाडी यायला वेळ आहे, येईल, अशी. उकंडरावांनी वर पाहिलं तेव्हा त्यांना ते दिसलं. सगळी पोरं त्यांच्याकडेच बघत होती, पण कुणाच्याही तोंडावर कीव नव्हती.

"त... तहान," ते म्हणाले. आणि मग एकेक करून, मधे लांब लांब थांबत, बाकीचं आलं.

"माह्यं आप... आपरेशन झालं तवा... मले पाणी ब... बंद होतं. तीन दिवस. मले वाटे, जीव जाते आता. मंडळीतले लोक पा... पाळीपाळीनं दवाखान्यात येत. ओल्या फडक्यानं माहे ओठ... ओले करत. रातभर. दु... दुसऱ्या रातीले सत्यभामाबाई होत्या. त्यायले सकाळी शाळा होती." इथे ते फार वेळ थांबले. "प्रभूनं पाणी मांगतलं त... त्याले आंबट शिरका देल्ला लोकायनं. मले तुमी... गोड देल्लं. थे सांगाचं राह्यलं होतं. तवाच सांगाले उठलो होतो मी. त... तं गाणं सुरू झालं."

त्यांनी टेबलावरचे हात उचलून जोडले.

"तुमचे उ... उपकार. साऱ्यायचे. जे गेले त्यायचेबी."

एवढं बोलून ते खाली बसले. चौतीस वर्षं पोटात राहिलेलं बोलायला त्यांना अठरा मिनिटं लागली होती, दोन मिनिटं अजून शिल्लक होती. ती दोन मिनिटं निशिगंधानं तशीच जाऊ दिली आणि मग सहाव्या उद्गारासाठी उभी राहिली.

तीनला उपासना सुटली. सत्यभामाबाई काठी टेकत दारात आल्या. त्या रात्रीचं त्यांना फारसं आठवत नव्हतं. दवाखाना आठवत होता, फडकं आठवत नव्हतं. गाणं मात्र चांगलं आठवत होतं. शाळेत हजार पोरांना दरडावणारी ती बाई उकंडरावांसमोर उभी राहून म्हणाली, "माझं चुकलं होतं रे तेव्हा. मला वाटलं, तुला मदत करते आहे." उकंडरावांनी "ना... ना..." सुरू केलं आणि त्या डोक्यावर ऊन घेत, ते "नाई बाई" होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग निशिगंधाकडे वळून, जाता जाता सांगावं तसं म्हणाल्या, "पुढल्या वर्षीचंही तुम्हीच करा."

घरी जाताना पिंपळाच्या वळणावर वच्छलाबाई थांबली.

"तुमी मले कवा सांगतलं काऊन नाई," ती म्हणाली, "तुमाले दवाखान्यातलं हे सारं बोलाचं होतं असं? मी तं लग्न झाल्यापासून तुमच्या मनातलं बोलून राह्यली. मले वाटे, मले सारं माहीत हाये."

उकंडराव तिच्याकडे वळले. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. तिच्याशिवाय आपलं कोणी ऐकलंच नसतं, हेही म्हणायचं होतं. सुरुवात झाली, पहिलं अक्षर नेहमीसारखं अडलं. वच्छलाबाईची जीभ सवयीनं हलली, आणि तिनं ती दातांखाली धरली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती रस्त्यातच खाली बसली, बाजूची जागा हातानं झाडून त्यांच्यासाठी केली, आणि म्हणाली, "बसा. मले काई घाई नाई."