मामी नव्या बंदराला निघाल्या

कालव्याच्या लॉकवर राहणाऱ्या मामींकडे कुणी मीठ मागितलं तर त्या सांगत, "जुन्या बंदराकडच्या फळीवर बघ." साखर नव्या बंदराकडच्या फळीवर. उजवं-डावं हा प्रकार त्यांना मान्यच नव्हता. माणूस वळलं की उजव्याचं डावं होतं, बंदरं काही वळत नाहीत, असा त्यांचा मुद्दा. पाहुणा नवखा असला तर चहात मीठ पडे, आणि एवढ्या मोठ्या माणसाला दिशा कळत नाहीत म्हणून मामीच हळहळत.

याचं कारण असं की मामींचा जन्म पडावावर झाला होता. पडाव म्हणजे दोन बंदरांमधल्या कालव्यातून माल नेणारी लांबलचक, सपाट बुडाची नाव. तिच्या मागच्या टोकाच्या ठेंगण्या खोलीत मामींचे आईवडील, मामी आणि धाकटा भाऊ असा सगळा संसार. लग्न होऊन घरात आल्यावरही मामी प्रत्येक दारातून वाकूनच जात. दार चांगलं उंच होतं, मामी चांगल्या बुटक्या होत्या. "आमची ही येता-जाता घराला नमस्कार करते, मला मात्र एकदाही नाही," असं मामा सांगत.

कालवा आमच्या पणजोबांच्या वेळचा. त्याआधी एका बंदराचा माल दुसरीकडे न्यायचा तर जहाजं भूशिराला वळसा घालून जात, आणि त्यातली बरीचशी त्या वळशातच कायमची राहत. मधली जमीन तशी थोडकी, पण मेली टेकाडाची. पाण्याला टेकाड चढायला लावायचं म्हणून लॉकं बांधली, म्हणजे पुढेमागे दरवाजे असलेल्या पाण्याच्या कोठ्या. पडाव आत घ्यायचा, मागचा दरवाजा लावायचा, झडपा उघडून पाणी सोडायचं, आणि पडाव खाली बसला की पुढचा दरवाजा उघडायचा. कालव्याचं कौतुक ओसरतंय तोच शेजारून रेल्वे आली. आता कालवा मेला, असं सगळे म्हणाले. पुढे मोठा रस्ता आला, तेव्हाही म्हणाले. कालव्याला मरायची सवयच लागली होती. तो आपला विटा, कोळसा आणि धान्य वाहत राहिला.

अशा एका लॉकवर मामा नोकरीला होते. नोकरी एकट्याची, काम दुकट्याचं. कारण दरवाजाची दोन पानं, एक या काठाला आणि एक त्या काठाला. प्रत्येक पानाला लांब आडवा वासा, त्याला पाठ लावून रेटायचं. कंपनीनं यावर स्वस्त तोडगा काढला होता: लॉकवाला लग्न झालेला हवा. या अटीपायी मामा घाईला आले आणि खाली बसणाऱ्या पडावांमधून बायको शोधू लागले. एका पडावावर मामी दिसल्या. पाणी उतरेपर्यंत बोलणं झालं, पुढच्या खेपेला पाणी चढेपर्यंत होकार आला.

तेव्हापासून त्यांचा संसार कालव्याच्या दोन काठांवर चालला. मामा इकडून रेटत, मामी तिकडून. भांडणही पाण्यावरूनच होई, त्यामुळे साऱ्या वस्तीला बसल्या जागी ऐकू येई आणि पडाववाले निकाल ऐकल्याशिवाय पुढे सरकत नसत.

एक गोष्ट मात्र मामी कधी ओरडून बोलल्या नाहीत. लग्नाच्या दिवशी त्या पडावावरून काठावर उतरल्या, त्या उतरल्याच. त्यांच्याशिवाय दुसरा काठ कोण सांभाळणार? दुसऱ्यांचे पडाव जात, मामी त्यांच्यामागे दरवाजा लावत आणि पडाव वळणाआड होईपर्यंत वाशाला तशाच टेकून उभ्या राहत. भावाचा पडाव असला तर वळणाआड झाल्यावरही. नव्या बंदराला बसनं जाता येई, मामी दात काढायला गेल्याही होत्या. "बसनं माणूस पोचतं," त्या म्हणत, "जात नाही."

मग कंपनीनं कालवा बंद करायचं ठरवलं, आणि या वेळी तो खरंच मरणार होता. वरच्या तलावातून येणारं पाणी तोडलं. शेवटचा पडाव मामींच्या भावाचा. तो नव्या बंदरात भंगारवाल्याच्या हवाली व्हायचा होता, त्या ठेंगण्या खोलीसकट.

बातमी आली त्या दिवशी मामी एकदाही भांडल्या नाहीत. मामांना वाटलं, ताप आला. संध्याकाळी भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "अहो, मला त्याच्याबरोबर जायचंय. पडावातून. परत बसनं येईन."

मामांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. तो वाकत नसे, आणि वाकला तर सरळ होत नसे. "जा की," ते म्हणाले. "मी बघतो दोन्ही काठ."

पडाव आला. मामी पिशवी घेऊन चढल्या, चपला खोलीच्या दाराशी काढल्या, वाकून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मागचा दरवाजा मामांनी लावला, झडपा उघडल्या. पडाव खाली बसू लागला तशा मामी पुढच्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं वरून पाहिलेल्या ओल्या भिंती त्या आता खालून बघत होत्या. भावानं आधीच बजावलं होतं की पुढच्या टप्प्यात पाणी जेमतेम बुडापुरतं आहे, दरवाजा उघडला की निघायचं, मधे थांबलो तर चिखलात बसू.

मामांनी आपल्या काठाचं पान उघडलं आणि दुसऱ्या काठाकडे निघाले. म्हणजे मागच्या दरवाजावरच्या फळीवरून, कठड्याला धरून, एकेक पाय मोजत. आयुष्य पाण्याकाठी काढून त्यांना पोहता येत नव्हतं. धापा टाकत ते पोचले, वाशाला पाठ लावली, रेटलं. वासा हलेना. पुन्हा रेटलं. गुडघा वाकला, वासा जागच्या जागी.

मामी खालून हे बघत होत्या. मग त्यांनी जे केलं ते लॉकवालीशिवाय कुणी केलं नसतं. भिंतीतल्या लोखंडी शिडीनं त्या भराभर वर चढल्या, मामांच्या शेजारी पाठ लावली आणि दातओठ खाऊन रेटलं. पान उघडलं. उघडलेलं दिसताच भावानं इंजिनाला जोर दिला आणि पडाव निघाला.

मामी काठावरच.

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मामींच्या तर सगळ्यात शेवटी आलं, कारण दरवाजा उघडल्यावर काठावर उभं राहायचं, हेच त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. पिशवी पडावात, चपला पडावात. भाऊ मागे वळून ओरडत होता, "ताई, थांबता येत नाही गं, पाणी नाही." मामी वाशाला टेकल्या. मामांनी त्यांचा चेहरा पाहिला, मग पडावाकडे पाहिलं. ओरडायची गरज नव्हती, या खेपेला दोघं एकाच काठावर होती.

"अगं, तो माणसाच्या चालीनं तर चाललाय," मामा म्हणाले. "खालच्या लॉकवर धक्क्यापाशी पाणी खोल आहे, कोठी भरेपर्यंत त्याला तिथं थांबावंच लागेल. चल."

"आणि दरवाजा?"

दरवाजा उघडा टाकून जाणं म्हणजे लॉकवाल्याच्या धर्मात महापाप. मामांनी कालव्याच्या वरच्या अंगाला नजर टाकली. पाणी होतं, पडाव नव्हता, येणारही नव्हता.

"मागून कोण येणारे आता?" ते म्हणाले आणि आपल्या चपला काढून त्यांनी मामींपुढे सरकवल्या.

अशी ती वरात निघाली. मधोमध पडाव, काठानं मोठ्या चपला फटफटवत मामी, त्यांच्यामागे अनवाणी, लंगडत मामा. पूर्वी याच पायवाटेवरून मामींची आई खांद्याला दोर लावून पडाव ओढत असे, ते मामी भावाला ओरडून सांगत होत्या. तो इंजिनाच्या आवाजात "काय?" म्हणत होता, आणि त्या पुन्हा सांगत होत्या.

खालच्या लॉकवर पडाव धक्क्याला लागला. मामी चढल्या. भाऊ म्हणाला, "दाजी, तुम्ही पण या." मामांनी पाण्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. डोळे मिटून पाय टाकला आणि पडल्या जागी, विटांच्या ढिगाला धरून बसले. बंदर येईपर्यंत त्यांनी ती वीट सोडली नाही.

ते लॉक उतरून पडाव पुढे आला. इथं पाणी खोल होतं, भरतीचं. वारा खारट यायला लागला. लांबवर नव्या बंदराच्या माल उचलणाऱ्या उंच याऱ्या दिसल्या, त्यांच्याखाली कुठेतरी तो भंगारवाला. मामी भावाजवळ सुकाणूपाशी येऊन बसल्या.

"जरा हळू घे रे," त्या म्हणाल्या.

"ताई, याहून हळू घेतलं तर पडाव मागे जायला लागेल."

"मग जाऊ दे की मागे."

भावानं हात लांब करून इंजिन बंद केलं. पडाव होता तेवढ्या वेगावर सरकत राहिला, मग त्याहून हळू, आणि मामी मान वळवून कालव्याकडे बघत बसल्या.