कागदावरचा घटस्फोट

नव्वदच्या दशकात भावोजी कामाला होते तो कारखाना बंद पडला. हातात आलेला पैसा त्यांनी प्लास्टिकच्या डब्यांच्या धंद्यात घातला आणि तो बुडाला. देणेकरी मांजलपूरच्या फ्लॅटवर येऊ लागले. फ्लॅट ताई आणि भावोजी दोघांच्या नावावर होता. त्याचे हप्ते मात्र ताईच्या शाळेच्या पगारातून जात.

तोड बाबांनी काढली. "घटस्फोट घ्या. समझोत्यात घर हिच्या नावावर येईल, मग त्याला कुणी हात लावणार नाही. संसार काय, नंतर आहेच."

सयाजीगंजमधले गुजराती वकीलही ताईला म्हणाले, "बेन, चिंता ना करो, आ तो कागळ छे." काळजी नको, हा नुसता कागद.

वेगळं राहतो असं दाखवणं भाग होतं, म्हणून भावोजी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीला, भावाकडं राहायला गेले. पुढं कोर्टात तारीख लागली, तेव्हा मी ताईबरोबर होते. न्यायाधीशांनी विचारलं, "पुन्हा एकत्र राहणं शक्य नाही?" ताई म्हणाली, "नाही." वकिलांनी पढवलेलंच उत्तर होतं. पण तिनं ते जराही न अडखळता दिलं, आणि भावोजींनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

घर वाचलं. भावोजी मात्र परत आले नाहीत. एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरून ते देणी फेडत राहिले. रविवारी यायचे, बाहेर चपला काढून बेल वाजवायचे आणि जेवून संध्याकाळी निघायचे. ताई "राहा" म्हणाली की म्हणायचे, "शेजारी काय म्हणतील? आता मी तुझा कोण?" ती चिडायची आणि माझ्याकडं निघून यायची.

शेवटी एका रविवारी तीच रिक्षा करून हरणीला गेली. मलाही सोबत नेलं.

"चला घरी," ती म्हणाली.

"त्या दिवशी तू किती सहज नाही म्हणालीस," ते म्हणाले. "तेव्हापासून वाटतं, तुला खरंच सुटल्यासारखं झालं असेल."

ताई म्हणाली, "झालं होतं. रोज दारात माणसं उभी राहायची, त्यातून सुटले होते. तुमच्यातून नाही."

महिन्याभरात त्यांनी पुन्हा लग्न केलं, नोंदणी पद्धतीनं. बाबांना ते पटलं नाही. थोडी देणी अजून बाकी होती; देणेकरी पुन्हा दारात येतील, हे त्यांचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. साक्षीदार म्हणून सही मी केली. कोर्टात डोळ्यांतून टिपूस न काढलेली ताई तिथं सगळ्यांसमोर रडली, आणि भावोजी खिशात रुमाल शोधत राहिले.