उजेड खाणारी काच

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, दिवेलागणीच्या सुमारास, कोळवणच्या भातखाचरात आमच्या घरमालकांनी स्वतःच्या बायकोवर रायफल रोखली. रायफलीत गोळी नव्हती. समोर सांबर उभं आहे अशी त्यांची खात्री होती. मी त्यांच्याशेजारी बांधावर उभा होतो.

शिकारीच्या दुर्बिणीबद्दल इतकं बोललेला आणि आयुष्यात एकही जनावर न मारलेला दुसरा माणूस मुळशी तालुक्यात सापडणार नाही. मी त्यांना काका म्हणतो आणि नांद्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खोली दाखवताना पाणी किती वेळ येतं हे त्यांनी सांगितलं नाही. मला इंग्रजी कळतं का, हे विचारलं. मी वर्तमानपत्रात काम करतो म्हटल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक परदेशी शिकारी बर्फात उभा राहून, मावळत्या उजेडात हरीण टिपायचं तर रायफलीवर कोणती दुर्बीण बसवावी, ते समजावत होता. त्या दिवसापासून मी त्यांचा भाडेकरू कमी आणि दुभाषा जास्त झालो. पुढचं भिंग केवढं हवं, प्रतिमा किती पट मोठी दिसावी, काचेवरचा लेप कसला असावा, हे सगळं मी वाक्यावाक्याने मराठीत सांगत असे आणि ते डोळे मिटून ऐकत. दोनच महिन्यांत ते मला चुका दाखवू लागले. पुतण्याच्या साखरपुड्यात मुलीकडच्या मंडळींना त्यांनी जेवणाच्या पंगतीत भागाकार शिकवला: भिंग चाळीसचं, मोठेपणा आठपट, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड पाच. व्याह्यांनी ते हुंड्याविषयीचं काही सांकेतिक बोलणं समजून, आमची काही अपेक्षा नाही, असं उत्तर दिलं.

हरणाच्या शिकारीवर बंदी येऊन अर्धं शतक उलटलं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. रायफल वडिलांची. परवाना पीकसंरक्षणाचा. डुकरं आली तर हवेत बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. मग दुर्बीण कशाला, असं कोणी विचारलं की ते विचारणाऱ्याकडे कीव केल्यासारखं बघत. "मारायचं कुणाला हाय? पर दिसाया नगं?" बंदीच्या आधीची एक आठवण ते सांगत. वडील एकदा दिवसभर सांबराच्या मागावर होते, संध्याकाळी ते टप्प्यात आलं, आणि वडिलांनी रायफल खाली केली, कारण ते नीट दिसत नव्हतं. न दिसणाऱ्यावर रायफल रोखायची नाही, हा घराण्याचा एकमेव नियम त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला होता की तो जिन्यात लिहून लावायचाच राहिला होता.

दुर्बिणीची परीक्षा गच्चीवर होई. नांद्यातली त्यांची जमीन बिल्डरला गेली होती, त्या पैशातून कोळवणला खाचरं घेतली होती, आणि जुन्या वावरात आता बारा मजली सोसायटी उभी होती. सूर्य बुडाला की ते कठड्यावर उशी ठेवून, नुसती दुर्बीण हातात धरून, समोरच्या इमारतींच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी दोन वॉचमन घेऊन आले. आमच्या गॅलऱ्यांत कोणीतरी बघतंय, लेडीजची कंप्लेंट आहे, असं ते हिंदी-मराठीत सांगू लागले. काका कठड्यावरून हललेही नाहीत. "तुमची टावेलं बघाया मला याड लागलंय व्हय? तितं माजं वावर व्हतं. मी वावर बघतुया." सेक्रेटरींनी वावर म्हणजे काय ते एका वॉचमनला विचारलं. तो बीडचा होता, त्याने सांगितलं. ते गेले.

कोणतीही दुर्बीण त्यांना पसंत पडत नसे. पुण्यातल्या दुकानातून आणायची, चार संध्याकाळी लावून बघायची आणि परत करायची. दुकानदार आधी चहा मागवायचा, मग नुसतं पाणी, मग काका दिसले की तो जेवायला जायचा. कारण दर वेळी एकच. "ही काच उजेड खातीया." दुपारी चांगली दिसते, दिवस कलला की मधोमध काळं साचतं, कडा तर नाहीतच, अशी तक्रार. मी डोळा लावून बघे तेव्हा मला पाट्या वाचता येत. तसं सांगितलं की ते म्हणत, तुला काय बघायचं ते माहीत नाही म्हणून तुला दिसतं. त्या परदेशी शिकाऱ्याचं एकच वाक्य त्यांनी कधी मान्य केलं नाही: वय वाढलं की अंधारात डोळ्यातली बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, तेव्हा मोठ्या भिंगाचा उजेड वाया जातो, आणि तरीही अंधुक दिसलं तर आधी डोळे तपासून घ्या. "त्ये गोऱ्यांचं," ते म्हणाले. "आपलं डोळं उन्हातलं हायेत."

त्याच सुमाराला त्यांच्या उजव्या बाजूच्या वस्तू त्यांच्या आड येऊ लागल्या. उजवीकडे ठेवलेला कप लवंडे, माझ्या स्कूटरचा आरसा त्यांच्या खांद्याला लागे, आणि दोष कप ठेवणाऱ्याचा किंवा माझा असे. आम्ही हसत असू. त्यांच्या मुलाने घोटावड्यात नेत्रतपासणीचं शिबिर असल्याचं सांगितलं तेव्हा ते त्या दिवशी पहाटेच कोळवणला निघून गेले. मला मात्र त्यांनी कारण सांगितलं. परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. ओळखीच्या डॉक्टरांनी मागच्या वेळी डोळ्यात न बघता सही दिली होती. "डोळा खराब हाय म्हनून कुनी लिवलं, की रायफल गेली. जमीन गेली ती गेली. आता ही बी देऊ?" एवढं बोलून त्यांनी मला नव्या दुर्बिणीच्या लेपाबद्दल विचारलं.

दसऱ्यानंतरच्या त्या संध्याकाळी शेवटची दुर्बीण रायफलीवर चढवलेली होती. लोंब्या भरत आलेल्या, आणि खाचरात भेकरं, ती लहान हरणं, उतरतात, म्हणून ते मला मुद्दाम घेऊन गेले होते. काकू पलीकडच्या बांधावरून वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येत होत्या. गवताची टोकं दोन्ही बाजूंना वर आलेली. काकांनी रायफल खांद्याला लावली, हळू आवाजात म्हणाले, "सांबर हाय. शिंगं बघ." मी त्यांच्या नळीच्या दिशेने बघितलं आणि नळी वर ढकलली. काकू थांबल्या. भारा न उतरवता तशाच चालत आमच्यापर्यंत आल्या.

"कुनाव रोखलीया?"

काकांनी रायफल खाली केली. मग म्हणाले, "गोळी न्हाई त्यात."

"डोळा बी न्हाई," काकू म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी काकांना पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. तो दुखत नाही, कडेने खात येतो, आणि खाल्लेलं परत देत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उजव्या डोळ्यात जवळजवळ काही उरलेलं नव्हतं. डावा डोळा मिटून नेम धरणारा माणूस हाच उजवा डोळा इतकी वर्षं काचेला लावत होता. निदान दोन वर्षं आधी यायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या. या दोन वर्षांत परत केलेल्या सगळ्या दुर्बिणींचं भाषांतर मीच केलेलं होतं. डावा डोळा थेंबांवर टिकण्याची शक्यता आहे.

रायफल त्याच महिन्यात पोलीस ठाण्यात जमा झाली. ती द्यायला मुलगा गेला. काका आता पुष्कळ वेळ कोळवणलाच असतात. थेंब काकू घालतात, सकाळी आणि संध्याकाळी, आणि थेंब पडेपर्यंत त्या त्यांना बोलू देत नाहीत.

कापणीच्या आदल्या आठवड्यात मी तिकडे गेलो होतो. उजेड जात आला होता. खाचराच्या टोकाला भेकर उतरलं, ते काकूंना आधी दिसलं. काकांनी विचारलं, "कुटं?" काकूंनी बोट दाखवलं नाही. त्यांनी काकांची हनुवटी धरली आणि मान हलकेच उजवीकडे वळवली, डावा डोळा खाचराच्या टोकाकडे येईपर्यंत. भेकर आणखी थोडा वेळ तिथे चरत होतं.